चार्ज होतंय, मग पुस्तकं का जात नाहीत?

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका मावशींना पाचशे रुपये दंड लागता लागता राहिला. चूक त्यांची नव्हतीच. पण ते कळायला आम्हाला दीड तास लागला. आज त्या दीड तासाची गोष्ट सांगते, कारण यंत्रं आता बऱ्याच गटांकडे आली आहेत.

आमच्याकडे दोन वस्तू आहेत. एक रास्पबेरी पाय. नावाला हसू नका, आम्हीही हसलो होतो. तळहातावर मावेल एवढ्या एकाच पट्टीवर बसवलेला हा कॉम्प्युटर, लिनक्सवर चालतो, आणि जुन्या टीव्हीला जोडला की पडदा तयार. मराठी विकिस्रोतावरून मोफत उतरवलेली पुस्तकं त्यात साठवली आहेत. दुसरी वस्तू म्हणजे ई-रीडर. दिसतो शाळेतल्या पाटीसारखा. त्याच्या पडद्याला पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालतो. दर आठवड्याला तो एकीच्या घरी जातो. शनिवारी परत आला की केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि नवी पुस्तकं भरायची.

त्या शनिवारी जोडला, तर टीव्हीवर काहीच येईना. एरवी पेनड्राइव्हसारखं चित्र येतं, ते नाही. ई-रीडरवर मात्र चार्जिंगची खूण दिसत होती. लगेच एकजण म्हणाली, "चार्ज होतंय म्हणजे केबल बरोबर आहे. यंत्रच बिघडलंय." मग सगळ्यांच्या नजरा मावशींकडे, कारण आठवडाभर ते त्यांच्याकडे होतं. नातवाने पाडलं असेल, चुलीजवळ ठेवलं असेल, काय काय निघालं. खरं सांगते, मीही विचारलं, "मावशी, पाणी तर नाही ना सांडलं?" मावशी काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माझ्या बचतीतून कापून घ्या."

ते ऐकून मला माझीच लाज वाटली. म्हटलं, थांबा, आधी बघू तरी.

लिनक्समध्ये एक आज्ञा आहे. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत एल, एस, यू, एस, बी असं सलग लिहून एंटर दाबायचं. कॉम्प्युटरला यूएसबीने काय काय जोडलंय त्याची यादी येते, एका ओळीला एक वस्तू. ई-रीडर काढून पाहिलं, पाच ओळी आल्या. त्यात कीबोर्ड आणि माऊस होते, बाकीच्या त्याच्या स्वतःच्या. ई-रीडर लावून परत तीच आज्ञा दिली. तरी पाचच! म्हणजे ई-रीडर जोडलाय हे कॉम्प्युटरला कळलंच नव्हतं.

आता हे कसं होतं बघा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारात काही स्वस्त केबल मिळतात, त्यांत विजेच्या दोनच तारा घातलेल्या असतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्याकडे सिंगल फेज असली की घरातला दिवा लागतो, पण विहिरीवरची थ्री फेज मोटर हलत नाही, तसंच हे. दिवा लागला म्हणून मोटर जळली असं आपण म्हणतो का?

विचारलं, मूळ केबल कुठाय? तर ती दोन आठवड्यांपूर्वी कुणीतरी मोबाइलसाठी नेली होती आणि तिच्या जागी आठवडी बाजारातली आणून ठेवली होती. कुणी, ते इथे सांगत नाही. तिने नंतर स्वतःच कबूल केलं. केबल बदलली, आज्ञा दिली, सहा ओळी आल्या.

पण तेवढ्यावर भागलं नाही. पुस्तक पाठवायला लागलो की ई-रीडरचं चित्र जायचं, परत यायचं, परत जायचं. तेवढ्यात आमच्या अध्यक्षताईंनी टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात विजेची छोटी पिवळी खूण पाहिली. वीज कमी पडते आहे, असा तिचा अर्थ. आमच्या रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपियरचा अॅडॉप्टर लागतो. लावलेल्यावर बारीक अक्षरांत २ अँपियर लिहिलेलं होतं. मोबाइलचा होता तो! स्वतःलाच वीज पुरत नाही, तिथे तो ई-रीडरला कुठून देणार? मूळ अॅडॉप्टर कपाटात सापडला. तो लावल्यावर अकरा पुस्तकं एका दमात गेली.

तुमच्याकडे असं झालं तर आधी केबल बदलून बघा, मग अॅडॉप्टरवरची अक्षरं वाचा. ई-रीडरला पिन नंबर लावला असेल तर तो उघडून मग जोडा. काही ई-रीडर स्वतःच्या पडद्यावर "जोडू का?" असं विचारतात, तिथे हो म्हणावं लागतं. यादीत नाव येतंय पण पेनड्राइव्हसारखं चित्र येत नाही, असंही होतं. काही नवे ई-रीडर मोबाइलसारखे जोडले जातात, त्यांच्यासाठी लिनक्समध्ये वेगळा प्रोग्राम लागू शकतो. अशा वेळी जाणत्या माणसाला बोलवा. आणि काम झालं की चित्रावर इजेक्ट म्हणून मगच केबल ओढा. पडद्यावर काम संपलेलं दिसलं तरी आत लिहिणं चालू असू शकतं, आणि मध्येच ओढलं तर पुस्तक अर्धवट राहतं.

आम्ही मूळ केबलला आणि अॅडॉप्टरला लाल दोरा बांधलाय. लाल दोऱ्याची वस्तू खोलीबाहेर न्यायची नाही, असं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दंडाचा ठराव लिहिला नव्हता, बरं झालं.

मावशींची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं. मग ई-रीडर पिशवीत घालता घालता विचारलं, "माझं ते अर्धं राहिलेलं पुस्तक आहे ना गं यात अजून?" होतं. त्या आठवड्याला पाळी दुसरीची होती, पण तिने आपणहून मावशींना दिली.