बाटलीच्या आतली कल्हई



तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावावी लागते, हे ज्या पिढीला अनुभवाने ठाऊक होते, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. आंबट पदार्थ अशा भांड्यात कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो, म्हणून आतून कथिलाचा पातळ थर चढवायचा, एवढाच त्या कारागिरीचा अर्थ. कल्हईवाला आळीत भट्टी पेटवी, भाता चाले, नवसागराचा धूर उठे आणि घरातील बाई समोर उभी राहून आपले पातेले पाहून घेई. या व्यवहारातही लबाडीला जागा होती. कथील महाग आणि शिसे स्वस्त. कथिलात शिसे मिसळले तरी ताजी कल्हई चकाकतेच, आणि विष मात्र मुकाट्याने अन्नात उतरते. परंतु फसविणारा आणि फसविला जाणारा हे एकमेकांच्या समोर उभे होते, आणि पुढील खेपेस याच आळीत यावयाचे आहे ही कल्हईवाल्याची अडचण हेच गिऱ्हाइकाचे थोडेफार संरक्षण होते.

आज वर्धेच्या बाजारात पाण्याच्या ज्या रंगीबेरंगी बाटल्या टांगलेल्या दिसतात, त्यांतील धातूच्या कित्येक बाटल्यांनाही आतून लेप असतो. म्हणजे ती कल्हईच. ती कोणी लावली, कशाची लावली आणि उन्हात तिचे काय होते, हे विचारण्यासाठी मात्र समोर कोणीच उभे नसते. उभा असतो तो दुकानदार, आणि त्यालाही ते ठाऊक नसते.

या नव्या कल्हईची एक कथा कार्यकर्त्यांनी तपशिलाने समजून घेण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड येथील ‘सिग’ ही १८९३ साली स्थापन झालेली जुनी कंपनी. ॲल्युमिनियमच्या बाटल्या ही तिची ख्याती. त्यांना आतून राळेचा लेप असे. २००८ साली कॅनडाच्या सरकारने बिस्फेनॉल-ए या रसायनाविषयी धोक्याची सूचना दिली आणि लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत ते वापरण्यास बंदी घालण्याचा विचार जाहीर केला. पॉलिकार्बोनेट नावाचे जे कठीण, काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक असते, ते याच रसायनापासून बनते. घाबरलेल्या गिऱ्हाइकाने प्लास्टिकच्या बाटल्या टाकून दिल्या आणि दुप्पट-तिप्पट किंमत मोजून धातूची बाटली घेतली. ‘सिग’ची विक्री अमेरिकेत झपाट्याने वाढली. आमच्या बाटलीतून पाण्यात काहीही झिरपत नाही, असे कंपनी सांगत होती. तुमच्या लेपात काय आहे, असे कोणी विचारले तर उत्तर येई की लेपाची कृती हे पुरवठादाराचे व्यापारी गुपित आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. ऑगस्ट २००८ पूर्वी तयार झालेल्या बाटल्यांच्या लेपात बिस्फेनॉल-ए अल्प प्रमाणात होते, ही गोष्ट त्या पत्राने मान्य केली. आणि ती आपल्याला जून २००६ पासून ठाऊक होती, हेही त्यातच आले. म्हणजे ज्या काळात लोक बिस्फेनॉल-ए टाळण्यासाठीच ही बाटली घेत होते, त्या सबंध काळात विकणाऱ्याला सत्य माहीत होते आणि घेणाऱ्याला नव्हते. पुढे जुन्या बाटल्या बदलून देण्याची योजना आली, अमेरिकेत खटले झाले, ‘पॅटागोनिया’ या कपड्यांच्या कंपनीने ‘सिग’शी असलेला जोडनावाचा करार मोडला, आणि २०११ साली ‘सिग’च्या अमेरिकेतील शाखेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लेपातून पाण्यात काही उतरत नाही, हा कंपनीचा दावा खोटा होता असे सिद्ध झालेले नाही. तिचे असत्य चाचणीच्या कागदात नव्हते; ते मौनात होते. ‘झिरपत नाही’ असे म्हणावयाचे आणि ऐकणाऱ्याने ‘मुळात नाही’ असे ऐकावे याची सोय करून ठेवायची! खोटे न बोलता फसविण्याची ही कला आधुनिक भांडवलाने जितकी जोपासली, तितकी आळीतल्या कल्हईवाल्याला कधीच साधली नसती.

हीच कला आपल्या देशातही दिसली आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने दिल्ली आणि मुंबई परिसरात विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. नामांकित पाण्यात कीटकनाशकांचे अंश निघाले. कंपन्या म्हणाल्या, आम्ही मानक पाळतो. आणि तेही एका अर्थाने खरे होते! कीटकनाशके ‘आढळू नयेत’ एवढेच मानकात लिहिलेले होते आणि ती शोधण्याची विहित पद्धत इतकी ढोबळ होती की असलेलेही आढळू नये. त्याच वर्षी शीतपेयांविषयी असाच अहवाल आल्यावर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ मध्ये तिने केंद्राचे निष्कर्ष योग्य ठरविले. बाटलीबंद पाण्यासाठी कोणतेही एक कीटकनाशक लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, असा आकडा त्या तपासणीनंतरच मानकात आला. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांमधील अंतर आकड्यानेच बुजते. ते कंपनीच्या सद्भावनेवर सोडता येत नाही.

बिस्फेनॉल-एविषयी विज्ञान काय सांगते? हे रसायन शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे चार्ल्स डॉड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३६ सालीच दाखविले होते. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९५३ मध्ये, जर्मनीत पॉलिकार्बोनेटचा शोध लागला आणि उद्योगाने ते हाती घेतले. १९९३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आपल्या प्रयोगशाळेतील पॉलिकार्बोनेटच्या चंबूतून, तो वाफेने निर्जंतुक करताना, हे रसायन पाण्यात उतरत असल्याचे आढळले. २००८ च्या एका प्रयोगात उकळते पाणी भरल्यानंतर ते सुटण्याचा वेग पंधरा ते पंचावन्न पटींनी वाढला. किती प्रमाण निर्धोक, यावर पुष्कळ काळ वाद चालला. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली रोजच्या सेवनाची मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत या रसायनाला बंदी करणारा नियम केला. वीस हजार पटी! काल जे ‘पूर्णतः सुरक्षित’ म्हणून विकले गेले, ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न यानंतर विचारलाच पाहिजे.

उद्योगाचे यावरील उत्तर चतुर आहे. बाटलीवर ‘बीपीए-फ्री’ अशी चिठ्ठी लागते, आणि कित्येकदा त्या रसायनाच्या जागी त्याचेच भाऊबंद, बिस्फेनॉल-एस किंवा बिस्फेनॉल-एफ, येऊन बसतात. चिठ्ठी खरी ठरते. काय नाही ते छापलेले असते. काय आहे ते छापण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न परदेशी बाटलीच्या शोकांतिकेपुरता नाही. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लग्नाच्या मांडवात, कचेरीत, दुकानात वीस लिटरचा जार येतो. असे पारदर्शक निळे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचेच असतात. ते टेम्पोवर भर उन्हात उभे असतात, धुतले जातात, घासले जातात, ओरखडे पडून पांढुरके होतात आणि पुन्हा भरले जातात. त्यांचे वय कोणी मोजीत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाची बाटली आठवडी बाजारातील असते आणि तिच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातील आकड्याचा अर्थ गुरुजींनाही कोणी सांगितलेला नसतो. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन; सात म्हणजे ‘इतर’, आणि पॉलिकार्बोनेट या ‘इतरां’तच मोडते. कापूस वेचणाऱ्या बाया तर एकदाच वापरण्यासाठी केलेली विकतच्या पाण्याची बाटली महिनोन्महिने भरून वावरात नेतात. तिच्या प्लास्टिकमधून तीव्र उष्णतेत अँटिमनी हा धातू अत्यल्प प्रमाणात सुटतो. तो बहुधा मर्यादेच्या आतच राहतो, म्हणून त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही; परंतु बांधावर तापलेली बाटली कोणाच्या हाती असते आणि थंड खोलीतली कोणाच्या, हे विसरण्याचेही कारण नाही.

आणखी एक भान ठेवावे लागेल, नाहीतर ही चळवळ शहरी मध्यमवर्गाचा छंद होऊन बसेल. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचे प्रमाण सर्वांत गंभीर असलेल्या देशातील १५ जिल्ह्यांत वर्धेचे नाव आहे. बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळही त्या यादीत आहेत. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलाला अपायकारक असते आणि उकळून त्यातील नायट्रेट जात नाही. विहिरीतच दोष असताना केवळ बाटलीची चिकित्सा करणे म्हणजे घागर तपासून आड विसरणे होय. पण या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: पिणाऱ्याला माहिती नाही. विहिरीचा अहवाल कचेरीतील फाइलमध्ये आहे आणि बाटलीचा कारखान्यातील.

याच वर्धेत, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभारले. वस्तू कशी बनली, कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या पिळवणुकीने बनली, याची जबाबदारी ती विकत घेणाऱ्यावरही असते, असा त्यांचा आग्रह होता. आणि घेणारा व करणारा जवळजवळ असतील तरच ती जबाबदारी पाळता येते, हे त्यांच्या अर्थशास्त्राचे एक सूत्र. या विचाराला सश्रद्ध नमस्कार करून माठाकडे परत जा असे सांगणे सोपे आहे. माठ उत्तमच, परंतु पऱ्हाटीच्या रांगांतून माठ डोक्यावर घेऊन वेचणी होत नाही, आणि कारखान्याची बाटली सर्वांच्या हातात आली ही काही वाईट गोष्ट नव्हे. जवळीक नाहीशी झाली असेल, तर तिची जागा कायद्याने सक्तीच्या केलेल्या माहितीनेच घेतली पाहिजे.

हे अशक्य नाही. १९८४ साली भोपाळमध्ये माणसे मरत असताना कोणता वायू आणि त्यावर कोणता उपचार, हे डॉक्टरांनाही नीट सांगितले गेले नाही. त्या स्मशानावरून शहाणपण शिकून १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना व शेजारच्या वस्तीला देण्याचे बंधन मालकावर आले. कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्याचा जो हक्क मान्य झाला, तो त्या कारखान्यातून निघालेल्या वस्तूला रोज ओठ लावणाऱ्याला नाकारण्याचे समर्थन काय? २०१५ च्या भारतीय मानकाने तान्ह्या मुलांच्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांत बिस्फेनॉल-एला मनाई केली. ते मूल सहा वर्षांचे होऊन शाळेची बाटली गळ्यात अडकविते, तेव्हा त्या मानकाचे छत्र त्याच्यावरून निघून जाते. जुलै २०२३ मध्ये केंद्राने तांबे, पोलाद व ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु शिक्का म्हणजे माहिती नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘स्टॅन्ले’ या नामांकित बाटल्यांच्या तळाशी, झाकलेल्या जागी, शिशाचा टाका असल्याचे कंपनीने मान्य केले, तेही गिऱ्हाइकांनी घरी चाचण्या करून गवगवा केल्यावर. पाण्याला ते शिसे लागत नाही, असे तिचे म्हणणे आहे. असेल, मग विकतानाच ते का सांगितले नाही?

जिल्ह्यात करण्याजोगे काम उघड आहे. शाळांना वा अंगणवाड्यांना बाटल्या आणि जार पुरविताना पुरवठादाराकडून प्लास्टिकचा प्रकार, आतल्या लेपाचे नाव आणि चाचणीचा अहवाल लेखी घेतला गेला काय, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. गावातील विहिरींच्या नायट्रेटचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखविण्याची मागणी करता येते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही: वस्तूविषयी स्पष्ट हमी देणाऱ्या उत्पादकाची हमी खोटी ठरली आणि त्यातून अपाय झाला, तर ती देताना आपण निष्काळजी नव्हतो वा कपटही केले नव्हते, हा बचाव त्याला चालत नाही. तक्रारीतील वस्तू प्रयोगशाळेत पाठविण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही. बाटली आणि तिची पावती जपून ठेवावी लागते एवढेच, आणि आपल्या बाजारात पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.