टाळ्या थांबल्यानंतर
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढील भाषण)



खेळाडूची कीर्ती बहुधा तिशीच्या आसपास मावळू लागते. आयुष्य मात्र पुढे कित्येक वर्षे उरते. त्या उरलेल्या आयुष्याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज कै. खाशाबा जाधव यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या या मल्लाला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मातीत घडलेल्या खाशाबांना तेथील मॅट सर्वस्वी नवी होती. चार वर्षे कसून मेहनत करून १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रु. ७,००० उभे केले होते. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवून त्यांचे ऋण फेडले.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्तपदापर्यंत पोहोचले. तालमीबरोबर महाविद्यालयाची पायरीही चढलेल्या या मल्लाला आखाड्याबाहेरही कर्तव्याचे क्षेत्र लाभले. १९८४ साली अपघाती निधनाने त्यांची जीवनयात्रा संपली. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. परंतु हा गौरव पाहावयास ते हयात नव्हते.

यातून आपण काय घ्यावे? पदक सर्वांच्या वाट्याला येत नाही; लंडन ते हेलसिंकी ही चार वर्षे मात्र प्रत्येक मुलाला अनुभवता येतील. शिक्षकांनी हरलेल्या मुलाला दटावू नये, खोटे सांत्वनही करू नये. पकड कोठे सुटली, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा आखाड्यात उतरवावे. खेळासाठी शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाच्या पालकांना वेळीच समजवावे.

पंचायत सदस्यांना एवढेच सांगणे की, आपल्या गावातील जुन्या खेळाडूला सत्काराच्या नारळापुरते बोलावू नका. तालमीची, शाळेच्या मैदानाची जबाबदारी त्याच्यावर सोपवा. टाळ्या थांबल्यानंतरही माणूस ताठ मानेने, उपयोगी पडून जगतो, हे मुलांनी रोज डोळ्यांनी पाहिले, तर धैर्याचा वेगळा पाठ देण्याची गरज उरणार नाही. आणि गौरव करावयाचा तो त्याच्या हयातीतच करा.