गवती चहा आणि सोने



आपल्या खटावची आणि शेजारच्या खानापूर, आटपाडीची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर गेलेली आहेत. दहावी झाली की पोरगा गलाईच्या दुकानावर रवाना होतो. त्या कामात कसब आहे, हे मी नाकारीत नाही. पण तेजाबात विरघळलेल्या सोन्याचे आणखी काय होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, त्याला बारावी सायन्सपर्यंत शिकू द्या. धंदा दोन वर्षे थांबेल.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात गवती चहाचा काढा मिसळला. हाच आपल्या परसातला गवती चहा! सोने वितळायला १०६४ अंश उष्णता लागते. इथे ना भट्टी, ना मूस. काढ्यातील द्रव्यांमुळे सोन्याचे अतिसूक्ष्म गोल कण तयार झाले. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. त्या मापाने मोजावे लागतील असे हे कण. ते एकमेकांना बिलगले, खोलीतल्या साध्या हवामानातच एकजीव झाले आणि त्यांच्या चपट्या त्रिकोणी चकत्या बनल्या. २००४ साली हे संशोधन ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

या चकत्यांचा थर काचेवर दिला, तर तो उन्हातील न दिसणारे उष्ण किरण शोषून घेतो. काढा कमी-जास्त केला की चकत्या लहान-मोठ्या होतात, आणि कोणते किरण शोषले जातील तेही बदलते.