कोवळ्या वयातील मद्य आणि संशोधनाचा पैसा



सोळाव्या वर्षी घेतलेल्या मद्याची खूण चाळिसाव्या वर्षी मेंदूत सापडते का, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तरासाठी मात्र दोन तपे थांबावे लागते आणि तेवढा काळ कुणीतरी खर्च सोसावा लागतो. अमेरिकेत हा भार मुख्यतः शासनाने उचलला. मद्यपान व मद्यासक्ती यांच्या अभ्यासासाठी तेथे 1970 साली स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या अनुदानातून 2010 मध्ये अनेक विद्यापीठांचा ‘नादिया’ नामक संघ उभा राहिला. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचे फुल्टन क्रूझ हे त्याचे अग्रणी.

मुलांना मद्य पाजून प्रयोग करता येत नाहीत. म्हणून उंदीर निवडले गेले. उंदराचे कुमारवय जेमतेम काही आठवड्यांचे. त्या काळात दोन दिवस मद्य, दोन दिवस खंड, असा क्रम ठेवला. सुट्टीच्या दिवशी बेसुमार पिणाऱ्या तरुणांचीच ही रीत. पुढे मद्य पूर्ण बंद करून, प्रौढपणी त्यांची परीक्षा घेतली. वर्तुळाकार मंचावरील अनेक छिद्रांतून सुटकेचे एक छिद्र त्यांनी इतर उंदरांप्रमाणेच शोधले. छिद्राची जागा बदलताच मात्र ते जुन्याच जागी घुटमळू लागले. शिकण्याची शक्ती शाबूत होती. शिकलेले सोडून नवे स्वीकारणे जड झाले होते. मेंदूच्या तळाकडील विशिष्ट चेतापेशींचे कार्यही मंदावलेले आढळले. व्यायामाने त्या पुन्हा सावरू शकतात, असेही याच प्रयोगांतून दिसले, आणि आईवडिलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मेंदूतील फरक मद्याने झाला की आधीपासूनच होता, हे कळण्यासाठी मुले पिऊ लागण्यापूर्वीच पाहणी सुरू व्हावी लागते. म्हणून अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या सुमारे 11,800 मुलांची 2016 ते 2018 या काळात नोंदणी झाली. तीही सार्वजनिक पैशातून.

पैसा कुणाचा, हा प्रश्न येथे गौण नाही. माफक मद्यपान हृदयास हितकर आहे का, हे तपासण्यासाठी याच मद्यविषयक संस्थेने दहा कोटी डॉलरची चाचणी योजली होती. त्यातील मोठा वाटा मद्य कंपन्यांचा, आणि तो मिळवण्यासाठी संस्थेच्याच अधिकाऱ्यांनी कंपन्यांशी संधान बांधले होते. हे उघड होताच जून 2018 मध्ये ती चाचणी गुंडाळावी लागली. विक्रेत्याच्या पैशावर मालाची परीक्षा करू पाहिली, तर दुसरे काय होणार?

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने, भारतीय व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदांच्या निधीतून, 6 ते 23 वर्षे वयाच्या हजारो मुला-तरुणांचा अभ्यास गेल्या दशकात सुरू झाला. व्यसनाकडे कल कसा वळतो, हा त्याचा एक विषय. मद्यावरील उत्पादन शुल्काने राज्यांच्या तिजोऱ्या भरतात. त्यातील अल्पांश जरी अशा कामासाठी कायमचा राखून ठेवला, तरी परक्या निधीकडे डोळे लावावे लागणार नाहीत. त्या अभ्यासातील सर्वांत धाकटी मुले आज कुठे कुमारवयात आहेत. त्यांच्या चाळिशीला अजून पाव शतक अवकाश आहे.