कालव्याचा हिशेब



शाळेंत मीं पस्तीस वर्षें व्याजाचीं उदाहरणें घातलीं. मुद्दल, दर व मुदत दिली कीं व्याज निघतें. परंतु पाटबंधाऱ्यांत घातलेल्या भांडवलाचें व्याज कसें काढावें, हें आमच्या अंकगणितांत नव्हतें.

आमचाच नीरा डावा कालवा घ्या. १८७६-७७ च्या दुष्काळानें होरपळलेल्या प्रदेशासाठीं तो काढण्यांत आला. वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण झालें आणि वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेलें पाणी बारामती-इंदापुरास पोंचलें. सरकारी हिशेबांत एका बाजूस बांधकामाचा खर्च व दुसऱ्या बाजूस पाणीपट्टीचा वसूल असे. परंतु गुऱ्हाळावरील मजुराची रोजी, बारामतीच्या पेठेंत खेळलेला गुळाचा पैसा आणि अवर्षणांत जगलेलीं गुरें कोणत्या रकान्यांत मांडावयाचीं?

प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून १९४८ सालीं हाच प्रश्न हातीं घेतला. बागाईत गांवांशीं कोरडवाहू गांवें ताडून त्यांनीं अप्रत्यक्ष लाभहि अजमावला. अशी तुलना न करतां केवळ पूर्वीची व नंतरची स्थिति पाहिली, तर बाजारांतील तेजीचें श्रेयहि पाण्याच्या पदरांत पडतें. मात्र जिराईत गांवचा मजूर बागाइतांत कामास जातो. म्हणजे त्या गांवासहि कालव्याचा कांहीं लाभ होतोच, आणि तुलनेंत तो निसटतो.

आतां खर्चाची बाजू. नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यासह १९१० सालींच लिहून ठेविलें होतें. माझ्या वडिलांनीं उसाच्या पैशांवर मला मॅट्रिकपर्यंत शिकविलें. त्याच शेताचा दोन एकरांचा सखल तुकडा पुढें चोपण झाला. अधिक पाणी म्हणजे अधिक ऊस, हा आमचाच समज. निचऱ्याचा चर खणण्यास पैसा घालावा, असें कोणास वाटलें नाहीं. आज तेथें कुसळहि उगवत नाहीं. माझें शिक्षण जमेस धरावें, तर ते दोन एकर नांवें लिहावेच लागतील.

म्हणून पाण्यासाठीं नवें भांडवल मागतांना निचऱ्याचा खर्च पहिल्याच दिवशीं मुद्दलांत मिळवावा, आणि चाऱ्यांच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाणी किती पोंचलें, हें विचारल्यावांचून नफ्याचा आंकडा मांडूं नये, एवढीच विनंति.