थायलंडच्या प्रेममालिका आणि त्यांचे चाहते



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाईभत्त्यावर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनीही मला तसेच सुचविले होते. मी विषय निवडला तो मात्र थायलंडमधल्या प्रेममालिकांचा. दोन तरुण पुरुषांचे परस्परांवरील प्रेम दाखविणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांचा, आणि त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या लाखो मुलींचा. कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळी आज घरीच राहिली असतील. जी आली आहेत त्यांना एवढेच सांगतो, की कामाचे तास आणि मजुरी सोडून मी फार लांब जाणार नाही.

मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचून आणि माणसांना प्रश्न विचारून झाले. या विषयातल्या माझ्या शिक्षिका म्हणजे आमच्या सभासद मुलीच. विजेच्या उपकरणांचे भाग जुळविणाऱ्या एका कारखान्यात त्या कंत्राटावर आहेत. पाळी संपवून कंपनीच्या बसने परतताना दोघी-दोघी एका मोबाइलवर माना वाकवून या मालिका पाहतात. संवाद थाई, खालची अक्षरे इंग्रजी, आणि एकमेकींना समजावून सांगणे अस्सल गावाकडच्या मराठीत. एका संध्याकाळी त्यांच्यातली एक फार संतापलेली दिसली. मला वाटले, सुपरवायझर काही बोलला असेल. तसे नव्हते. तिच्या आवडत्या जोडीतला एक नट बँकॉकमध्ये कुणा मुलीबरोबर जेवताना दिसला होता. मी विचारले, "अगं, मग त्यात त्याचा गुन्हा काय?" ती म्हणाली, "फसवलं ना त्यानं, काका."

या 'फसवलं'चा माग काढताना मी जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

थायलंडमध्ये या मालिकांना 'वाय' मालिका म्हणतात. 'याओई' या जपानी शब्दाचे ते आद्याक्षर. जपानात १९७० नंतर मुलींसाठी निघणाऱ्या चित्रकथांतून देखण्या मुलग्यांच्या परस्परप्रेमाच्या गोष्टी येऊ लागल्या. लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया आणि वाचणाऱ्याही स्त्रियाच. १९९० नंतर त्यांची भाषांतरे थायलंडात पोहोचली आणि बरीच वर्षे दप्तरात लपवून वाचली गेली. पुढे थाई मुली स्वतःच कादंबऱ्या लिहून जालावर क्रमशः प्रसिद्ध करू लागल्या. अशाच एका कादंबरीवरून २०१४ साली 'लव्ह सिक' ही मालिका आली. २०१६ मध्ये 'सोटस' आली. ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची, रॅगिंगच्या प्रथेभोवती फिरणारी. आणि २०२० मध्ये, जग टाळेबंदीत घरी बसलेले असताना, ब्राइट आणि विन या दोन नटांची 'टुगेदर' आली. यूट्यूबवर फुकट, इंग्रजी अक्षरांसह. मग फिलिपाइन्स, इंडोनेशिया, जपान, चीन आणि आपल्याकडची बसही! जपानी चाहत्या तर गमतीने म्हणतात, आम्ही थाई दलदलीत रुतलो. चीनमध्ये सरकारने २०२१ च्या सप्टेंबरात पडद्यावरच्या 'बायकी' पुरुषांवर बंदी घातली. अशा कथांच्या ओढीने तिथल्या मुली थायलंडकडे पाहतात.

ही झाली मालिका. धंदा मात्र मालिकेवर संपत नाही, खरे तर तो तिथे सुरू होतो. थाई भाषेत 'खू-जिन' असा शब्द आहे. 'खू' म्हणजे जोडी आणि 'जिन' हा 'इमॅजिन' या इंग्रजी शब्दाचा तुकडा. कल्पनेतली जोडी. कंपनी दोन होतकरू तरुण निवडते, त्यांची जोडी लावते, आणि मालिका संपली तरी जोडी सुटत नाही. ऑफ आणि गन या दोन नटांची जोडी २०१६ मध्ये जमली आणि २०२४ पर्यंत ते एकामागून एक अनेक मालिकांतून एकत्र दिसले. साबण, आइस्क्रीम, तोंडाला लावायची मलमे यांच्या जाहिरातीत जोडीच हवी. (मालिकेतल्या ऐन भावुक प्रसंगी नायक खिशातून मलम काढून त्याचे गुण सांगू लागतो, तेव्हा मला आपल्या जुन्या नाटकांतल्या अवेळी येणाऱ्या पदांची आठवण होते.) मनिला, तैपेई, टोकियो येथे चाहत्यांचे तिकीट लावून मेळावे होतात. व्यासपीठावर एक जण दुसऱ्याला घास भरवतो, घाम पुसतो, आणि सभागृह किंचाळून उठते. या वागण्याला तिथे सरळ 'सर्व्हिस' असेच नाव आहे. मला हे नाव प्रामाणिक वाटते. सेवा म्हटली की सेवाशर्ती आल्या.

आता त्या शर्ती पाहा. गिरणीतल्या माणसाला निदान भोंगा होता. भोंगा झाला की तो साच्यापासून मोकळा, मग त्याने भजनाला जावे की गुत्त्यावर, हे मालकाने विचारायचे कारण नव्हते. या तरुण नटाचा भोंगा केव्हा होतो? रात्री दोनला विमानतळावर उतरला तरी कॅमेरे समोर आहेत. जोडीदारापासून चार हात दूर उभा राहिला तर सकाळपर्यंत बभ्रा होतो की दोघांचे बिनसले. घरी मोबाइल उघडून चाहत्यांशी गप्पा मारल्या तर त्यातही जोडीदाराचे नाव घ्यावे लागते. करारात हे लिहिलेले असो वा नसो, जोडी तुटली की जाहिरात तुटते, हे दोघांनाही ठाऊक असते. शिवाय आरा-करवतीसारखी ही दोघांची मजुरी. एकाने हात सोडला की दुसऱ्याचेही काम थांबले. कामगाराने आपले तास विकायचे, स्वतःला विकायचे नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी शंभर-दीडशे वर्षे जगभर लढे झाले. इथे विकले जाते ते तासांबाहेरचेच.

बालगंधर्वांच्या शालूंची नक्कल घरोघरच्या बायकांनी केली. १९११ मध्ये मुलीच्या मृत्यूच्या दिवशीही ते 'मानापमाना'त भामिनी म्हणून उभे राहिले. प्रेक्षकांचे प्रेम त्या काळीही निष्ठुर होऊ शकत होते. परंतु पडदा पडल्यावर ते नारायणराव राजहंस म्हणून घरी जाऊ शकत होते, आणि त्यांच्याबरोबरच्या नायकाचा संसार कुणाशी आहे, यावरून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

आमच्या सभासद मुलीला मी दोष देत नाही. तिला या मालिका का आवडतात, हे विचारल्यावर तिच्या मैत्रिणीने दिलेले उत्तर ऐका: "यात कुणी कुणाला हुंड्याचं विचारत नाही, अन् कुठली सून भांडी घासत नाही." नेहमीच्या प्रेमकथेत मार खायला, त्याग करायला, परीक्षा द्यायला एक बाई लागते. इथे बाईच नाही, त्यामुळे पाहणारीला स्वतःची धास्ती न बाळगता प्रेम पाहता येते. याचा अर्थ सारेच निर्मळ होते असे नव्हे. सुरुवातीच्या कित्येक मालिकांत बळजबरीलाच प्रेम म्हणून दाखविले जाई, आणि त्यावर सर्वांत कडक टीका चाहत्यांमधूनच झाली. ही जाणती मंडळी आहेत.

आणि संघटित! मालिकेचा भाग ज्या रात्री लागतो त्या रात्री ठरलेल्या वेळी ठरलेला शब्द एकाच वेळी देशोदेशीच्या लाखो हातांनी लिहिला जातो, आणि तो जगात सर्वांत वर चढतो. कुणी आपापल्या भाषेत भाषांतर करते, कुणी चित्रे जुळवते, कुणी वर्गणीचा हिशेब ठेवते. आम्हांला एक गेटसभा भरवायची तर तीन दिवस पत्रके वाटावी लागतात. मला खरोखर हेवा वाटला. पण हिशेबाची सवय असल्याने दुसरा प्रश्नही पडला: या कामाची मजुरी कोण देते? कंपनीच्या जाहिरातखात्याचे अर्धे काम या मुली फुकट करतात. थायलंडच्या व्यापारखात्याने २०२१ पासून या मालिका परदेशांत विकण्यासाठी खटपट चालविली आहे. ती बाजारपेठ आधी कुणी उभी केली? आणि फुकट राबणाऱ्याला वाटू लागते, की आपण पैसा, झोप, जीव सारे दिले, तेव्हा त्या नटावर आपला हक्क आहे. मग चित्रफीत थांबवून थांबवून कोण कुणाकडे किती क्षण पाहत होता ते मोजणे, हॉटेलपर्यंत पाठलाग करणे, मैत्रीण निघाली तर शिव्या देणे. कंपन्यांना वेळोवेळी निवेदने काढून नटांचा पाठलाग थांबविण्याची विनंती करावी लागली आहे. मैत्रीण असल्याबद्दल, म्हणजे वयाच्या पंचविशीत साधे आयुष्य असल्याबद्दल, नटांनी जाहीर माफी मागितली आहे. मी नावे घेत नाही. त्यांची नावे पुष्कळ घेतली गेली. 'फसवलं' हा शब्द इथून येतो. फसवणूक झाली असेल तर ती कंपनीने लावलेल्या भावाची. पण मुकादमाचे काम मात्र चाहत्यांच्या गळ्यात पडते, आणि तेही बिनपगारी.

जाता जाता कॅमेऱ्यामागच्या माणसांविषयी. चाहत्या वर्गणी काढून चित्रीकरणाच्या जागी जेवणाची, कॉफीची गाडी पाठवितात. रीत अशी, की नुसत्या नटांना न देता साऱ्या युनिटला द्यायचे. दिवे धरणारा, सामान वाहणारा, रंगभूषा करणारी, साऱ्यांना त्या दिवशी कॉफी मिळते. ही मोठी गोड रीत आहे. तथापि बारा-बारा, सोळा-सोळा तासांच्या दिवसाबद्दल या लोकांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत 'क्रिएटिव्ह वर्कर्स युनियन थायलंड' या नावाने त्यांतले काही संघटित झाले आहेत. कॉफीच्या गाडीवर नटांचे फोटो असतात. दिवेवाल्याचे तास कुठे लिहिलेले नसतात.

चाहत्यांचे दुसरे रूप दिसले ते एप्रिल २०२० मध्ये. ब्राइट याने एका छायाचित्रांच्या संदेशाला पसंती दर्शविली. त्यात हाँगकाँगचा उल्लेख देश असा होता. चिनी चाहते खवळले. ब्राइटने माफी मागितली, पण मग त्याच्या मैत्रिणीचे तैवानविषयीचे जुने लेखन उकरून काढण्यात आले. चिनी मंडळींनी थाई लोकांना झोंबावे म्हणून त्यांच्या सरकारला नावे ठेवायला सुरुवात केली. थाई पोरे-पोरी हसू लागली. म्हणाली, अगदी बरोबर बोलता, आणखी जरा मोठ्याने बोला! २०१४ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्या सेनापतीच्याच हाती तेव्हा त्यांचा देश होता. तेव्हा या शिव्या त्यांना स्वतःच्याच मनातल्या वाटल्या. हाँगकाँग आणि तैवानचे तरुण त्यांना मिळाले, आणि तिन्हीकडे चहात दूध घालतात म्हणून 'मिल्क टी अलायन्स' असे नाव पडले. बँकॉकमधल्या चिनी वकिलातीला निवेदन काढावे लागले. पुढे २०२१ च्या उठावानंतर म्यानमारची मुलेही त्यात आली. काही चित्रांत आपल्या मसाला चहाचाही पेला काढलेला आहे. एका प्रेममालिकेच्या नटापासून ही गोष्ट निघाली. ज्या मुलीला मैत्रीण म्हणून एरवी बोल लागले असते, तिच्याच बाजूने थाई चाहते उभे राहिले, हे मला विशेष वाटते.

आता खुद्द समलिंगी लोकांचे काय म्हणणे आहे? थायलंडमधल्या अनेकांनी या मालिकांवर नाराजी दाखविली. मी पुरुषांवर प्रेम करणारा नाही, फक्त याच्यावर करतो, असे म्हणणारे नायक. ना घर, ना कायदा, ना नोकरीतली अडचण. आणि या प्रेमाचा नफा मात्र दुसऱ्यांना. हा आक्षेप वजनदार आहे. त्यातला सर्वांत कठीण भाग असा, की जोडीतला नट समलिंगी नसेल तर त्याने ते बोलायचे नाही, कारण कल्पना मोडते. आणि असेल, पण प्रेम तिसऱ्यावर असेल, तर तेही बोलायचे नाही, कारण तीच कल्पना मोडते. दोघांच्याही तोंडावर एकच हात. २०२१ च्या अखेरीस आलेल्या 'नॉट मी' या मालिकेत मात्र रस्त्यावर इंद्रधनुषी झेंडा उलगडला गेला आणि विवाहाच्या हक्काची भाषा आली. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने विवाहसमानतेचा कायदा ४०० मतांनी मंजूर केला, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. आग्नेय आशियात पहिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये असा हक्क देण्यास नकार दिला, हे आपणांस माहीत आहे. मालिकांनी कायदा आणला असे कुणी सांगू लागले तर मानू नका; कित्येक वर्षे मार खाल्लेल्या, सह्या गोळा केलेल्या माणसांनी तो आणला. मालिकांनी घराघरांतल्या आयांची भीती थोडी कमी केली असेल, इतके मी देऊ शकतो.

राहता राहिला चाहत्यांच्या पैशाचा प्रश्न. याचे उत्तम उदाहरण वाय मालिकांच्या शेजारच्याच गोटातले आहे. कोरियन गायकांच्या थाई चाहत्यांचे. माणसे पुष्कळदा दोन्हीकडे तीच असतात. लाडक्या कलाकाराच्या वाढदिवसाला वर्गणी काढून मेट्रोच्या स्थानकावर मोठा फलक लावायचा, अशी त्यांची चाल. २०२० च्या ऑक्टोबरात बँकॉकमध्ये तरुण लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारच्या हुकमाने मेट्रोची स्थानके बंद झाली आणि निदर्शक अडकून पडले. चाहत्यांनी काही दिवसांत सुमारे ४० लाख बाट निदर्शकांच्या मदतीसाठी जमविले, आणि ठरविले, की मेट्रोला यापुढे एक जाहिरात द्यायची नाही. मग वाढदिवसाचे फलक कुठे लावायचे? टुक-टुकच्या पाठीवर! परदेशी प्रवासी बंद झाल्याने ते तीनचाकीवाले दिवस-दिवस रिकामे उभे असत. आता त्यांना दर महिन्याला काही शे बाट मिळू लागले, गाडीबरोबर फोटो काढायला येणाऱ्या मुली वर बक्षिसी देऊ लागल्या, आणि एका विद्यार्थ्याने मोबाइलवर अशी व्यवस्था उभी केली, की कुणाला फलक लावायचा असेल तर कोणत्या भागात कोणता चालक मोकळा आहे ते कळावे. फलकावरच्या गायकाचे नाव चालकांना बहुधा ठाऊक नसे. ते आधी चाहत्यांकडून पाठ करून घेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थांबतो. प्रश्न विचारायचे असतील तर मी खाली पायरीशी उभा आहे.