विशेष गरजा असलेले मूल आणि त्याची शाळा
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गाच्या शेवटच्या रांगेत एखादी मुलगी गप्प बसलेली असते. हाक मारली तर कधी ती वळून पाहते, कधी पाहत नाही. पाढे म्हणताना तिचे ओठ इतरांच्या ओठांकडे पाहून हलतात. “मुलगी मंद आहे, हिला वेगळ्या शाळेत घाला,” असे कोणीतरी सांगते. ती शाळा दूर, जिल्ह्याच्या गावी. आईवडिलांचे मन धजत नाही आणि मुलगी घरीच राहते. तिची श्रवणशक्ती मात्र कोणी तपासलेलीच नसते! श्रवणयंत्र, पुढच्या बाकावरची जागा आणि तिच्याकडे तोंड करून शिकविणारे शिक्षक एवढ्यावर ती कदाचित त्याच शाळेत शिकली असती.

म्हणूनच योग्य शाळेच्या निवडीची पहिली पायरी म्हणजे योग्य तपासणी. शिक्का आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम मुलाचे आयुष्य वाया घालवतो.

विशेष शिक्षणाच्या कार्याची आपल्या राज्यात जुनी परंपरा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशा मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेतच सामावून घेण्यावर भर दिला व १९७४ साली केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना आखली. जी गोष्ट तेव्हा सवलत होती, तिला आज हक्काचे स्वरूप आले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक बालकास परिसरातील शाळेत अथवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षण घेता येते. पसंती बालकाची आहे, शाळेच्या सोयीची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही निवड गरजेनुसार व्हावी. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाला विशेष शाळेची नव्हे, तर उतरत्या फरशीची आणि वापरता येण्याजोग्या स्वच्छतागृहाची गरज असते. अंध बालकास ब्रेल लिपी व एकट्याने वावरण्याचे शिक्षण प्रथम मिळाले, तर पुढे ते सर्वांबरोबर शिकू शकते. पूर्णतः कर्णबधिर बालकास लहान वयातच सांकेतिक भाषा लाभणे अगत्याचे असते. ती सोय विशेष शाळेत असेल, तर तीच शाळा त्याच्या हिताची. तीव्र अथवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकास गृहाधारित शिक्षणाचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. परंतु प्रवेश टाळण्याची पळवाट म्हणून तो कोणी वापरू नये. शिवाय एकदा केलेली निवड कायमची समजू नये. मुलाची प्रगती पाहून तिचा दरवर्षी फेरविचार व्हावा.

शिक्षकांनी आपली निरीक्षणे लिहून ठेवावीत व पालकांना तपासणीसाठी प्रवृत्त करावे. पंचायत सदस्यांनी घरी बसलेल्या मुलांची नोंद घ्यावी, शाळेची वाट व इमारत सुगम करावी. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रासाठी पालकांना हेलपाटे घालावयास लावू नयेत. प्रवेश नाकारला गेल्यास पालकांना स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तसेच राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हेही आपलेच काम आहे.

शेवटच्या रांगेतील त्या मुलीला मंद ठरविण्यापूर्वी तिला ऐकू येते किंवा नाही, एवढे पाहिले गेले, तरी पुष्कळ काही साधेल.